छत्र्यांची वटपौर्णिमा

अक्का, तुमची शोकसभा झाली, आणि तीसुद्धा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. टेबलावर तुमचा फोटो, फोटोला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार, शेजारी उदबत्ती. ज्या बायकांनी तुम्हाला कधी हळदीकुंकवाच्या दिवशी उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, त्या पुढच्या रांगेत बसून पदराने डोळे टिपत होत्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसा त्या संध्याकाळी हॉलमध्ये दुधाचा पूर आला होता. एकाने तुम्हाला निसर्गप्रेमी म्हटलं, दुसऱ्याने समाजसेविका. तिसरे होते आपले अध्यक्षमहाशय. ते म्हणाले, अक्कांसारखी माणसं होती म्हणून आपल्या वसाहतीत आज सावली आहे. हेच ते गृहस्थ, ज्यांनी तळ्यावरचा वड पाडा म्हणून केलेल्या अर्जावर सगळ्यांत वर सही केली होती. मी मागच्या खुर्चीवरून ऐकत होते आणि तुमच्या फोटोकडे बघत होते.

धाकटी जाऊ म्हणून मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी दोन दिवस आधीपासून तयारीत होते. एकेकाची अशी सालटी काढणार होते की पुन्हा कोणी हार घेऊन उभं राहिलं नसतं. प्रत्यक्षात मी काय बोलले ते सांगते, पण त्याआधी आपलं भांडण पुरं करायचं आहे. तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात, आणि हे काही मला पटलेलं नाही.

भांडण एकच होतं, सगळी वर्षं. मी म्हणायचे, या लोकांची लाज काढल्याशिवाय ते हलायचे नाहीत. तुम्ही म्हणायचात, "सुमा, लाज काढू नये, काम काढून घ्यावं. लाज त्यांची त्यांना वाटली तर वाटेल." मी म्हणायचे, ती कोळून प्यालेली माणसं आहेत, वाटणार कुठून. त्यावर तुम्ही तांदळातले खडे वेचत गप्प बसायचात. तुमचं ते गप्प बसणं मला शब्दापेक्षा जास्त लागायचं.

आपण राजाजीनगरात राहायला आलो तेव्हा रस्ते आखलेले होते आणि दिवे नव्हते. थोरले भावजी निपाणीत वारले, तेव्हा तुम्ही जेमतेम तिशीच्या. तुमचे दीर, म्हणजे आमचे हे, तुम्हाला आपल्याबरोबर बंगळूरला घेऊन आले. आपलं घर शेवटच्या ओळीत, मागे केरे, आणि केऱ्याच्या बांधावर तो वड. तळ्याला तुम्ही कधी तळं म्हटलं नाही, कायम केरे, आणि बगळ्यांना कोक्करे. वैशाख लागला की ते यायचे. पांढरे बगळे, मातकट ढोकऱ्या, काळे पाणकावळे, सगळे एकाच वडावर काड्या घेऊन भांडायचे. तुम्ही मागच्या पायरीवर बसून ते भांडण बघायचात. कोणती जोडी कोणाच्या काड्या चोरते हेही तुम्हाला ठाऊक असायचं, आणि जेवताना तुम्ही मला ते शेजारच्यांच्या भानगडी सांगाव्यात तसं सांगायचात.

वटपौर्णिमेला तुम्ही बांधाकडे फिरकायचं नाही, असा अलिखित नियम होता. सवाष्णींचा सण, तिथे विधवेची सावली नको. तुम्हाला त्याचं दुःख होत असेल असं मला आधी वाटायचं. मग एकदा तुम्हीच म्हणालात, "वर्षातला एक दिवस तो वड त्यांचा, बाकीचे सगळे दिवस माझा. सौदा वाईट नाही."

पुढे वसाहत भरली. पुण्यामुंबईहून कारखान्यांत इंजिनियर आले, त्यांच्या बायका आल्या, रेडिओ आले आणि वाळत घातलेल्या कपड्यांचं महत्त्व वाढलं. बगळे शिटतात. बगळ्यांना मासळीचा वास येतो. बगळे पहाटे ओरडतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात कमळाशेजारी एका पायावर उभा असलेला बगळा या लोकांना चालत होता, खऱ्याने पँटवर घाण केली की ती समाजाची समस्या व्हायची. नागरिकांनी आवाज उठवावा, असं वर्तमानपत्रं सांगत असतात. आमच्या नागरिकांनी उठवला की, कुऱ्हाडीच्या बाजूने. भाषेच्या नावाने रात्ररात्र घसा कोरडा करणारी ही मंडळी. झाडाची बाजू घेण्याची वेळ आली की सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी.

अर्जाच्या सभेत तुम्ही उठलात, तेव्हा खुर्च्या करकरल्या. बायका मागच्या बाजूला बसायच्या आणि बोलायच्या नाहीत, त्यात तुम्ही विधवा. तुम्ही म्हणालात, झाड आपल्या आधीचं आहे, पाखरंही आपल्या आधीची आहेत, कपडे वाळवायच्या दोऱ्या आपण दुसऱ्या बाजूला बांधू शकतो. एवढंच. अध्यक्षमहाशय समजूतदार माणसाचं हसू हसले आणि त्यांनी विचारलं, वहिनी, माणसं महत्त्वाची की पाखरं? त्यांना वाटलं, विषय संपला.

"दोघांना पुरेल एवढं झाड मोठं आहे," तुम्ही म्हणालात आणि खाली बसलात.

एकदोघांनी खरं आहे म्हटलंही. अर्ज मात्र गेला. मत पटणं आणि अर्ज मागे घेणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

मग आपण पालिकेच्या कचेरीत जायला लागलो. तुम्ही क्रोशाची पिशवी घेऊन बाकावर बसायचात आणि मी शेजारी धुमसत बसायचे. साहेब नाहीत, साहेब जेवतात, साहेब फिरतीवर आहेत. कारकुनाने तिसऱ्यांदा उद्या या म्हटलं तेव्हा मी त्याचे आई-बाप काढायला तोंड उघडलं, आणि तुम्ही मला दंडाला असा चिमटा काढलात की मी ओरडलेच. कारकून घाबरून आत गेला आणि साहेबांना बाहेर घेऊन आला. तुम्ही कधी मान्य केलं नाहीत, पण त्या दिवशी आपलं काम माझ्या ओरडण्याने झालं.

इंजिनियरसाहेब म्हैसूरकडचे. तुमचं निपाणीकडचं कानडी ऐकून त्यांना हसू आवरेना. तुम्ही त्यांना झाड वाचवा म्हणाला नाहीत, अर्ज फेटाळा म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "मरी हारोतनक तडीरी." पिल्लं उडेपर्यंत थांबा. मग बोलू. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, स्वल्प विचार केला, आणि सरी अम्मा, म्हणजे बरं, म्हणाले. मी घरी येईपर्यंत तुमच्यावर चिडले होते. म्हटलं, एवढे खेटे घालून मागितलं काय, तर दोन-तीन महिने. तुम्ही भाजी निवडायला बसलात.

आता त्या वटपौर्णिमेचं सांगते. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण शोकसभेत कोणी सांगितलं नाही, म्हणून मला सांगायचं आहे.

अध्यक्षांच्या बायकोच्या डोक्यात आलं की झाडाखाली रेशमी लुगडी खराब होतात, तर वडच हॉलमध्ये आणावा. पुण्यामुंबईत बायका फांदी आणून घरी पुजतात, त्यात नवल काही नाही. इथे हॉल मोठा, म्हणून फांद्याही मोठ्या लागल्या. कचेरीत निरोप गेला, धार्मिक कार्यासाठी चार फांद्या हव्यात. धर्माचं नाव घेतल्यावर इंजिनियरसाहेब तरी काय बोलणार. झाड पाडायला त्यांनी थांबवलं होतं, पूजेला कसं थांबवणार. कुऱ्हाडवाले आले, आणि त्यांनी बायकांना शोभतील अशा दाट, डेरेदार फांद्या निवडल्या. घरटी दाट फांद्यांतच असतात, हे ज्याने एकदा तरी मान वर केली असेल त्याला कळतं. मान वर करण्याचा त्रास कोणी घेतला नाही.

मी पूजेचं ताट घेऊन हॉलमध्ये गेले तेव्हा फांद्या बादल्यांत वाळू घालून उभ्या केल्या होत्या आणि बायका सूत गुंडाळत फेऱ्या मारत होत्या. एका फांदीच्या बेचक्यात घरटं तसंच अडकलेलं होतं. त्यात फिकट निळ्या रंगाचं एक अंडं होतं, आणि त्या अंड्यावर हळदकुंकू पडलेलं होतं. कोणीतरी ते भक्तिभावाने वाहिलं होतं, की फांदीवर टाकताना पडलं, मला माहीत नाही. नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी झाड पुजायचं, आणि पुजायचं म्हणून ते तोडायचं. अशी चूक करायला आमचेच लोक लागतात, दुसऱ्या कोणाला ती सुचणार नाही. मी ताट उचललं आणि फेरे न घालता परत आले. तुमचे दीर आजही ठणठणीत आहेत.

तुम्ही बांधावर होतात. त्या दिवशी तुम्ही तिथे जायचं नव्हतं, पण नियम पाळायला तिथे कोणी उरलं नव्हतं, सगळा सण हॉलमध्ये गेला होता. तुम्ही पदर खोचून चिखलातून पिल्लं वेचत होतात आणि भाजीच्या दुरडीत ठेवत होतात. उघडीनागडी, मोठ्या चोचीची, कुरूप पिल्लं. तुम्ही रडत होतात. मी तुम्हाला रडताना तेव्हाच पाहिलं, आधी नाही आणि नंतर नाही. आवाज न करता, एकीकडे काम चालू ठेवून रडत होतात.

आपल्या घरात मासळीचं नाव काढलं तरी चूळ भरणारी माणसं. तुम्ही तळ्यावर जाळं टाकणाऱ्याकडून बारीक मासे आणलेत आणि मागच्या पायरीवर बसून हाताने पिल्लांना भरवलेत. वसाहतीत वणवा पेटला. विधवा बाई, आणि मासे चिवडते. घरटी पडली तेव्हा ज्या तोंडांतून चकार शब्द निघाला नव्हता, ती सगळी तोंडं एका रात्रीत उघडली. अध्यक्षमहाशय स्वतः तुमच्या दिरांना भेटले आणि घराण्याच्या लौकिकाबद्दल बोलले. घरी येऊन यांनी मला सांगितलं की वहिनींनी काही दिवस स्वयंपाकघरात येऊ नये. मी सांगितलं, मग मीही जाणार नाही, तुम्ही चूल पेटवा. त्यांनी एक वेळ पेटवली. दुसऱ्या वेळी स्वतःच तुम्हाला हाक मारायला मागच्या पायरीवर गेले, आणि एका पिल्लाने त्यांच्या कचेरीच्या पँटवर अर्धा मासा ओकला. तुम्ही तोंडात पदर कोंबून हसलात. मग तेही हसले.

बरीचशी मेली. चार-दोन जगली. ती अंगणातल्या दोरीवर बसून पंख ताणायची आणि आपलेच कपडे घाण करायची. मग एक दिवस ती बांधावर गेली आणि परत आली नाहीत. तुम्ही दुरडी घासून उन्हात ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातच भाजी आणलीत.

पुढच्या वर्षी वडाला नवी पालवी आली, आणि तो अर्ज कुठल्याशा टेबलावर अजून पडूनच होता. वैशाखात तुम्ही घरोघर निघालात. मला वाटलं, आता तुम्ही त्या अंड्याची गोष्ट सांगणार, एकेकीला रडवणार. मी मुद्दाम बरोबर आले, मला त्यांचे चेहरे बघायचे होते. तुम्ही अंड्याचा शब्द काढला नाहीत. प्रत्येक दाराबाहेर उभ्या राहून तुम्ही एवढंच म्हणालात की फांदी तोडून आणलेल्या वडाचं पुण्य अर्धं, असं आमच्याकडे जुन्या बायका म्हणायच्या, तेव्हा झाडाकडेच यावं. लुगडं खराब होण्याची भीती असेल तर छत्री घ्यावी. कुठल्या जुन्या बायका म्हणायच्या ते मी वाटेत विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी काय तरुण आहे?"

आणि आल्या की बाया. पैठण्या, नथी, हातात पूजेची ताटं आणि डोक्यावर काळ्या छत्र्या. ऊन नाही, पाऊस नाही, आणि वडाभोवती छत्र्यांची रांग गोल फिरतेय. एकीच्या छत्रीची काडी दुसरीच्या अंबाड्यात अडकायची. वरून टपटप पडायचं आणि खालून मंत्र चालू राहायचे. अध्यक्षांच्या बायकोने त्यासाठी फुलांची नक्षी असलेली नवीन छत्री घेतली होती आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणून तिने गरजेपेक्षा जास्त फेरे मारले. त्या भक्तीने आल्या नव्हत्या, समजुतीने तर नाहीच नाही. हौसेने आल्या होत्या. मी घरी येऊन तुम्हाला तसं सुनावलं. ही जीत म्हणायची का, असं विचारलं. तुम्ही बांधाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून सगळं बघितलं होतं. तुम्ही म्हणालात, घरटी मोजली तर नाहीत, पण सगळी जागेवर दिसली.

आपलं भांडण तिथेच अडकलं. दरवर्षी छत्र्या यायच्या, दरवर्षी मी म्हणायचे की या बायकांना अजूनही एका बगळ्याचं नाव येत नाही. दरवर्षी कचेरीत जाऊन तुम्ही तेच वाक्य बोलायचात, साहेब बदलले तरी. शेवटच्या दुखण्यात तुम्हाला धाप लागायची, तरी मी भांडत होते, कारण भांडणं थांबवली तर तुम्हाला कळलं असतं की डॉक्टर मला काय म्हणाले. तुम्हाला ते कळलेलं होतंच. तुम्ही विचारलंत, कोक्करे आले का. अजून चैत्र होता, आले नव्हते. मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, खोटारडी. अक्का, मला तुम्हाला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं तेव्हा. मला चांगलं बोलायची सवय नाही, आणि तुम्ही वाट बघायला थांबला नाहीत.

आता शोकसभा. सगळ्यांची भाषणं झाल्यावर अध्यक्षमहाशयांनी जाहीर केलं की तुमचं चिरंतन स्मारक व्हायला हवं. वडाच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधायचा, त्यावर संगमरवरी पाटी बसवायची, तुमच्या नावाची. काम लगेच सुरू करायचं. आणि संगमरवर पांढरा, वरून घाण पडली तर बरं दिसणार नाही, म्हणून कट्ट्यावरच्या फांद्या तेवढ्या स्वल्प छाटून घ्यायच्या. माना डोलल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पुन्हा डोळे टिपले. तुमच्या स्मारकासाठी तुमचीच पाखरं हाकलायची होती, आणि त्या भरल्या हॉलमध्ये कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी उठले. सालटी काढायची सगळी वाक्यं जिभेवर होती, अर्ज, बादल्या, हळदकुंकू पडलेलं अंडं, सगळं. मी बोलले असते तर मला फार बरं वाटलं असतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी अपमान झाला म्हणून कुऱ्हाड मागवली असती. मी फोटोकडे बघितलं. दंडाला कोणीतरी चिमटा काढावा तसं झालं.

"पिल्लं उडेपर्यंत थांबा," मी म्हटलं. "मग बोलू."

एवढं बोलून मी खाली बसले. मग कोणीतरी टाळी वाजवली, कारण भाषण संपल्यावर वाजवायची असते. अध्यक्षमहाशय गोंधळून सरी म्हणाले आणि विषय पुढे ढकलला गेला. घरी येताना चालता चालता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिल्लं दरवर्षी येतात. तुमचं ते 'मग' कधी येतच नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला भाबडी समजत होते, आणि तुम्ही एका वाक्यावर कचेरी आणि मंडळ दोघांनाही झुलवत ठेवलं होतंत. मला निदान एकदा सांगायचं तरी. त्या लोकांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, हेही ऐकून ठेवा. ते तेव्हा जसे होते तसेच आज आहेत, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य त्यांना मला पुन्हा सांगावं लागणार आहे.

आज वटपौर्णिमा होती. तुम्ही गेल्यामुळे आपल्याकडे वर्षभर सण नाहीत, तेव्हा मला पूजा नव्हती. बायका सकाळीच मला निरोप देऊन गेल्या, "तुम्ही यंदा यायचं नाही हं." मी बांधाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले, तुमच्या जागेवर. इतक्या वर्षांत मी तिथून कधी बघितलंच नव्हतं. मी कायम त्या छत्र्यांच्या आत असायचे. तिथून खाली छत्र्यांची टोकं दिसतात आणि वर सगळी घरटी. आत फिरणाऱ्यांना दोन्ही दिसत नाहीत. कोक्करे आले आहेत, अक्का, यावेळी खरंच. एक ढोकरी दुसरीच्या काड्या चोरत होती आणि कोणाला सांगावं हे मला कळेना.

सूत नव्हतं, ताट नव्हतं, फेरे नव्हते. तरी मी हात जोडले. आजवर या वडाकडे जन्मोजन्मी हाच नवरा मागत आले. आज म्हटलं, नवऱ्याचं तू तुझं बघ. जाऊ मात्र हीच दे.